दगडातले शिंपले आणि त्यांचा ठावठिकाणा



आपल्यापैकी पुष्कळांच्या देव्हाऱ्यात शाळिग्राम असतो. काळा, गुळगुळीत, तळहातात मावेल एवढा दगड. तुळशीच्या लग्नात तो नवरदेव होतो. काही शाळिग्रामांच्या पोटात एक चक्र दिसते आणि त्या चक्रावरून त्याला विष्णूचे रूप मानतात. भूशास्त्राचे अभ्यासक तेच चक्र पाहतात आणि म्हणतात, हा समुद्रातल्या एका प्राण्याच्या कवचाचा ठसा आहे. त्या प्राण्याला ॲमोनाइट असे नाव आहे. तो आता जगात कोठेही जिवंत नाही. शाळिग्राम येतात नेपाळातल्या काली गंडकी नदीतून. हिमालयातल्या नदीत समुद्रातला प्राणी कसा आला? तर हिमालय आज जेथे उभा आहे तेथे पूर्वी समुद्र होता, त्याच्या तळचा चिखल दगड झाला आणि पुढे तो दगड डोंगर होऊन वर आला. भक्ताचे चक्र आणि अभ्यासकाचे चक्र एकच आहे, त्यात भांडणाचे कारण नाही.

आता गंडकी आपल्यापासून फार दूर. पण आपली नर्मदा? अक्कलकुवा तालुक्याची उत्तरेची सीमा नर्मदेला भिडते. नर्मदेचे गोटे आपण बाणलिंग म्हणून पूजतो. ते गोटे पाण्याने घासून गोल झालेले असतात, त्यांत प्राणी नसतो. परंतु त्याच नर्मदेच्या खोऱ्यात, काही ठिकाणी, खरोखरीचे सागरी शंख-शिंपले दगडात अडकलेले सापडतात. ते कसे ओळखले गेले, त्यांचे मोल कशात आहे, आणि आपल्या मुलांना असा एखादा दगड सापडला तर त्याचे काय करावे, हे आज सांगायचे आहे.

प्रथम आपल्या पायाखालचा दगड पाहू. अक्कलकुवा, मोलगी, धडगाव या सातपुड्याच्या मुलखात जो काळा कातळ दिसतो तो ज्वालामुखीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थंड होऊन हा पाषाण झाला. भूशास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात. तापलेल्या रसात शिंपला टिकणार नाही, हे शाळेतले पोरही सांगेल. म्हणून आपल्या बहुतेक शिवारात सागरी जीवाश्म शोधण्यात अर्थ नाही. पण हा काळा कातळ म्हणजे वरचे पांघरूण आहे. त्याच्या खाली त्याहून जुने दगड आहेत आणि नदीने किंवा ओढ्याने जेथे हे पांघरूण फाडले आहे तेथे ते उघडे पडतात.

असे जुने दगड मध्यप्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघ या गावाजवळ उत्तम दिसतात. अक्कलकुव्याहून सरळ रेषेत हे गाव सुमारे सव्वाशे किलोमीटर असेल. बाघची बौद्ध लेणी आणि त्यांतली चित्रे प्रसिद्धच आहेत. ती लेणी वाळूच्या दगडात कोरलेली आहेत. त्या भागात वाळूच्या दगडावर चुनखडीचे थर आहेत आणि त्या चुनखडीत शिंपले, शंख, ॲमोनाइट आहेत. या सगळ्या थरांना बाघचे थर असेच नाव पडले. ते गुजरातेत छोटा उदेपूर आणि राजपीपळ्याच्या बाजूलाही तुकड्यातुकड्यांनी दिसतात. त्यांचे वय सुमारे नऊ ते दहा कोटी वर्षे, म्हणजे आपल्या काळ्या कातळाहून अडीच ते साडेतीन कोटी वर्षे अधिक.

या शिंपल्यांचा शोध इंग्रजी अमदानीत लागला. १८५० नंतरच्या दहा वर्षांत निमाडात कीटिंग नावाचा लष्करी अधिकारी होता. त्याने बाघजवळचे जीवाश्म गोळा केले. त्याच काळात मुंबई इलाख्यात कार्टर नावाचे एक डॉक्टर होते. किनाऱ्यांची पाहणी करणाऱ्या जहाजावर त्यांची नेमणूक झाली असताना त्यांनी अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरचे जीवाश्म जमवले होते. एक साठा अरबस्तानचा, एक नर्मदेचा. दोन्ही लंडनच्या डंकन या विद्वानाने तपासले आणि १८६५ साली त्यांचे वर्णन एकत्र प्रसिद्ध केले. त्यांत मुख्य भरणा होता तो समुद्री अर्चिन नावाच्या प्राण्यांचा. साळिंदरासारखे काटे असलेला, गोल किंवा बदामी कवचाचा हा प्राणी आजही समुद्रात असतो.

डंकनला काय दिसले? नर्मदेचे अर्चिन आणि अरबस्तानचे अर्चिन यांचे जवळचे नाते दिसले. युरोपातल्या खडूच्या डोंगरांतल्या अर्चिनांशीही ते जुळत होते. पण आपल्याच देशात तिरुचिरापल्लीकडे जे सागरी जीवाश्म सापडतात त्यांच्याशी बाघचे जीवाश्म फारसे जुळेनात. हे नवलच नव्हे काय? घरच्या भावंडाशी तोंडवळा जुळत नाही आणि समुद्रापलीकडच्या माणसाशी जुळतो! त्यावरून त्या काळच्या भूशास्त्रज्ञांनी अनुमान काढले की नर्मदेत शिरलेले पाणी पश्चिमेकडून आले होते आणि त्या पाण्याच्या व दक्षिणेकडच्या समुद्राच्या मध्ये जमीन आडवी होती. तेव्हाचा भारतही आजच्या ठिकाणी नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि हिमालय जन्मालाही आला नव्हता. हे आपल्याला पुढच्या संशोधनाने कळले. पण नर्मदेच्या जागी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आत आला होता, ही गोष्ट मूठभर कवचांनी १८६५ सालीच सांगितली होती.

येथे जरा थांबा. समजा कार्टरसाहेबांची आणि कीटिंगसाहेबांची खोकी वाटेत फुटली असती आणि अरबस्तानचे दगड व नर्मदेचे दगड एकत्र मिसळले असते, तर काय झाले असते? दगड तेच राहिले असते, शिंपलेही तितकेच सुबक दिसले असते. पण त्यांच्यावरून कुणाला काहीही सांगता आले नसते. त्या दगडांचे मोल त्यांच्या ठावठिकाण्यात होते.

इंग्लंडात हाच धडा विल्यम स्मिथ याने आधीच घालून दिला होता. तो एका लोहाराचा मुलगा. कालव्यांच्या कामावर मोजणीदार होता. कालवे खणताना जमिनीचे थर उघडे पडत. प्रत्येक थराचे शिंपले निराळे असतात आणि शिंपल्यावरून थर ओळखता येतो, हे त्याने हेरले. त्या आधारावर त्याने १८१५ साली इंग्लंड व वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या माणसाने हे काम केले, ते खणलेल्या जमिनीकडे नीट पाहून आणि पाहिलेले टिपून ठेवून.

आपल्याकडे ब्लँफर्ड यांनी तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांची पाहणी करून १८६९ साली मोठा ग्रंथ सिद्ध केला. सागरी थर खाली आणि काळा कातळ वर, ही मांडणी त्यात आहे. त्यांच्यानंतर आले प्रमथनाथ बोस. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात वरच्या पदावर नेमले गेलेले ते पहिल्या भारतीयांपैकी. १८८४ साली त्यांनी नर्मदेच्या खालच्या खोऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि चुनखडीचे तीन थर निराळे करून दाखवले: खाली गाठीगाठींची चुनखडी, मध्ये देवला-चिराखान गावांच्या नावाचा मऊ थर आणि वर पोवळ्यांची चुनखडी. त्यांच्या मतांवर पुढे वाद झाले, पण थरांची ही नावे आजही चालतात. याच बोसबाबूंनी १९०४ साली जमशेटजी टाटांना मयूरभंजातल्या लोखंडाच्या खाणींबद्दल पत्र लिहिले आणि त्यातून पुढे जमशेदपूरचा कारखाना उभा राहिला. म्हणजे शिंपले पाहणारी नजर लोखंडही पाहू शकते, बरे का!

विसाव्या शतकाच्या आरंभी व्रेडेनबुर्ग यांनी बाघच्या ॲमोनाइटांना नावे दिली. एका जातीला त्यांनी नामाडोसेरास म्हटले. ग्रीक लोक नर्मदेला नामादस म्हणत, त्यावरून. या कामात पुढे मराठी माणसाचाही मोठा वाटा आहे. प्रा. जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३७ पासून बाघच्या अर्चिनांवर, शिंपल्यांवर आणि ॲमोनाइटांवर लेख लिहिले. तेथल्या एका कवचधारी प्राण्याच्या गटाला त्यांनी १९३८ साली माळव्याच्या नावावरून मालविरिंकिया असे नाव दिले. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाघच्या थरांचा अभ्यास चालू ठेवला. हीच संस्था आता आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

एक गंमतही सांगतो. वरच्या थराला पोवळ्यांची चुनखडी म्हणतात खरे, पण त्यातले बारीक फांद्यांसारखे तुकडे पोवळ्याचे नाहीत. ते ब्रायोझोआ नावाच्या, वसाहत करून राहणाऱ्या अगदी चिमुकल्या प्राण्यांचे आहेत. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखे वाटतात. भिंगाखाली फरक कळतो. तेव्हा विद्वानांनी ठेवलेले नावसुद्धा पुन्हा तपासून पाहावे लागते.

आता ओळखण्याकडे वळू. शिक्षक बंधुभगिनींनो, हा भाग वर्गात सांगण्यासारखा आहे.

दोन झडपांचा तो शिंपला. त्याच्या दोन्ही झडपा बहुधा सारख्या असतात, पण एकच झडप घेऊन मधोमध रेघ मारली तर डावी-उजवी बाजू सारखी येत नाही. मालविरिंकियाच्या गटात उलटे असते. एका झडपेच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या, पण दोन झडपा एकमेकींहून निराळ्या. या दुसऱ्या गटाला ब्रॅकिओपॉड म्हणतात. कोकणात ज्याला कालव म्हणतात तो शिंपला जाड, खडबडीत आणि पापुद्र्यांचा असतो. बाघच्या थरांत तोही आहे. शंख आणि ॲमोनाइट यांत फरक असा: शंखाचे वेढे बहुधा जिन्यासारखे वर चढत जातात आणि आतली पोकळी सलग असते. ॲमोनाइटाचे वेढे बहुधा गुंडाळलेल्या दोरासारखे एकाच पातळीत असतात आणि आत पडदे घालून खोल्या केलेल्या असतात. त्या पडद्यांच्या कडा बाहेरून नागमोडी, पानाच्या कातरलेल्या कडेसारख्या दिसतात. ही खूण दिसली की शंका उरत नाही. अर्चिनाच्या कवचावर पाच पाकळ्यांचे फूल उमटलेले असते.

पुष्कळदा कवच विरघळून गेलेले असते आणि आत भरलेल्या चिखलाचा गाभाच दगड होऊन उरतो. मुलांना हे समजावायचे तर ओल्या मातीत एक शिंपला दाबा, उचलून घ्या, त्या खळग्यात पातळ कालवलेले प्लॅस्टर ओता. खळगा हा बाहेरचा ठसा आणि प्लॅस्टर ही शिंपल्याची नक्कल. मग शिंपल्याच्या आतच प्लॅस्टर भरून दाखवा, तो गाभा झाला.

प्रत्येक शंख समुद्राचाच असतो असेही नाही. आपल्या काळ्या कातळाचे थर एकदम पडले नाहीत. मध्ये मध्ये शांततेचा काळ गेला, तेव्हा तळी झाली, झाडे उगवली, आणि मग पुन्हा रस वाहिला. अशा तळ्यांच्या गाळात गोड्या पाण्याचे शंख सापडतात. नागपूरजवळ टाकळी येथे हिस्लॉप आणि हंटर या दोघांनी असे शंख, किडे, फळे, बिया गोळा करून १८५५ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतला फायसा नावाचा शंख डावखुरा असतो. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले तर त्याचे तोंड डाव्या हाताला येते. बहुतेक शंखांचे उजव्या हाताला येते. येथे कोणी विचारील, मग देवपूजेतला दुर्मिळ दक्षिणावर्ती शंख? तोही शास्त्राच्या भाषेत डावखुराच. पूजेत शंखाचे निमुळते पन्हाळीचे टोक वर धरतात म्हणून डावे-उजवे पालटते. तेव्हा नियम असा लक्षात ठेवावा: अर्चिन, ॲमोनाइट आणि ब्रॅकिओपॉड सापडले तर पाणी समुद्राचे. नुसते फायसासारखे शंख सापडले तर पाणी तळ्याचे असण्याचा संभव अधिक.

आपल्या भागात फसवणाऱ्या वस्तूही पुष्कळ आहेत. काळ्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या सुयांचे झुबके असतात, ते अर्चिनासारखे दिसतात, पण ती खनिजे आहेत. दगडाच्या फटीत काळ्या रंगाची नक्षी नेच्याच्या पानासारखी उमटते, तीही खनिजाचीच. काळा दगड कुजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल गोटे होतात. त्यांना कोणी राक्षसी प्राण्याचे अंडे म्हणते, पण ते अंडे नव्हे. चुनखडी ओळखायला दगडाच्या ताज्या चुऱ्यावर लिंबाचा रस टाकून पाहावे. चुनखडी असेल तर बारीक बुडबुडे येतात. मात्र काळ्या दगडाच्या पोकळ्यांतही चुन्याचे खनिज असू शकते आणि तेही फसफसते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. रस जीवाश्मावर तर मुळीच टाकू नये. तो कवच खातो.

आता मोलाचा प्रश्न. खेड्यात दगड सापडला की पहिला प्रश्न येतो, याचे पैसे किती येतील? सरळ उत्तर असे की नर्मदाखोऱ्यातला साधा शिंपला, मोडका गाभा, झिजलेले कालव यांना बाजारात फारशी किंमत नाही. बाजार चकाकी पाहतो, अखंडपणा पाहतो. एखादा फिरता व्यापारी चार पैसे देऊन पिशवीभर दगड नेईल, पण ते कुठले हे तो लिहून ठेवणार नाही. मग ते दगड कुठल्याशा शहरात दिवाणखान्यात शोभेला जातील आणि त्यांची साक्ष कायमची बुडेल. उलट एखादा मोडका, कुणी फुकटही नेणार नाही असा तुकडा, गावाचे नाव, ओढ्याचे नाव आणि थराची खूण यांसह जपला, तर तो अभ्यासकाच्या हाती गेल्यावर समुद्र कुठवर आला होता हे सांगू शकतो.

ही गोष्ट आपल्या तालुक्यात आज अधिक निकडीची आहे. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी नवागामला नर्मदेवरच्या धरणाची कोनशिला बसवली. ही जागा अक्कलकुव्याहून सरळ रेषेत पंचेचाळीस किलोमीटरांच्या आतच आहे. धरणाचा पाया तपासताना काळ्या दगडाखाली बाघच्या थरांचेच वाळूचे दगड आणि चुनखडी लागली. म्हणजे तो जुना समुद्र आपल्या उंबऱ्यापर्यंत आला होता. १३८.६८ मीटर उंचीचे हे धरण २०१७ साली देशाला अर्पण झाले. त्याच्या जलाशयात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांची ३३ गावे बाधित झाली. मणिबेली हे त्यांतले पहिले. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. घरे गेली, शेते गेली, आणि नदीकाठचे कातळ व त्यांत काय होते तेही गेले. गाव सोडावे लागलेल्या माणसाला ठावठिकाणा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. आपण कोठले, हे सिद्ध करायला त्याला कागद दाखवावे लागले. दगडाजवळ तर कागद नाही. तो आपणच लिहून द्यायचा आहे.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. शाळेत एक वही करा. कोणी मुलाने वेगळा दगड आणला तर त्याला क्रमांक द्या आणि वहीत लिहा: कोणत्या गावच्या शिवारात, कोणत्या ओढ्यात, दगड सुटा पडला होता की कातळात अडकलेला, खालचा दगड कसा, वरचा कसा, तारीख काय. कातळात अडकलेला जीवाश्म हातोड्याने काढू नये. शेजारी एक नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे आणि तो तेथेच राहू द्यावा. सुटा दगड कोरड्या ब्रशाने झाडावा, तेल किंवा रंग लावू नये. जलाशयाच्या काठची दरड ठिसूळ असते, तेथे मुलांना एकटे पाठवू नये. वहीतल्या नोंदी साठल्या की जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवाव्या.

त्या वहीत गावातल्या म्हाताऱ्यांकडूनही भर घाला. बुडालेल्या काठावर कोठे पांढरा दगड होता, चुना भाजायला कोठून आणीत, ओढ्याच्या कोणत्या वळणावर गुरे वाळूच्या दगडावर बसत, हे त्यांना अजून आठवते. ती नावे भिल्ली-पावरीत असतील, तर तशीच लिहा. पाण्याखालच्या कातळाकडे जाण्याची आता तेवढीच एक वाट उरली आहे आणि ती सांगणारी माणसे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.